भाडेकरू होती, गेली

नोंदणी कचेरीत त्यांना सगळे दुभाषेबुवा म्हणत. परदेशी माणूस गावात घर घ्यायला आला की खरेदीखतातलं कलम अन् कलम त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचं, असा कायदा होता. ते काम हा माणूस सतरा वर्षं करत आला होता. पदरचं घालायचं नाही आणि कुणाचं गाळायचं नाही, हा त्यांचा बाणा. एकदा विकणाऱ्या म्हाताऱ्याने वैतागून खरेदीदाराला 'टकल्या' म्हटलं. दुभाषेबुवांनी तेही इतक्या गंभीरपणे पलीकडे पोचवलं की टकल्यासकट अख्खी कचेरी हसली.

अलीकडे काम चिक्कार वाढलं होतं. परदेशातली माणसं फोनवर फोटो बघत, दोन दिवसांसाठी येत आणि भाजी घ्यावी तसं घर घेऊन जात. भाव आभाळाला भिडले. दुभाषेबुवा स्वतः मात्र बायको-मुलीला घेऊन भाड्याच्या दोन खोल्यांत होते ते तिथेच राहिले.

त्या मंगळवारी एजंटने नेहमीसारखी फाइल हातात ठेवली. पहिल्या पानावरचा पत्ता त्यांनी दोनदा वाचला. घर त्यांच्या आईचं होतं.

वडील गिलावा करणारे गवंडी. दुसऱ्यांच्या भिंती लिंपून उरलेल्या वेळात त्यांनी ते घर उभं केलं होतं. ते गेल्यावर थोरला भाऊ म्हणाला होता, "कागद एकाच्या नावावर असलेले बरे. आई आहे तोवर घर तिचंच." धाकट्या दुभाषेबुवांनी डोळे मिटून सही केली होती. आणि पंधरा दिवसांपूर्वी त्याच थोरल्याचा फोन आला होता : "घराला रंग काढतोय, आईला जरा तुझ्याकडे ने. वासाने खोकला होतो तिला."

थोरला बाहेर पॅसेजमध्येच भेटला. इस्त्रीचा शर्ट, हातात फोल्डर.

"दादा, हे काय?"

"हळू बोल. असा भाव पुन्हा येणार नाही. पोरांचं बघायला नको मला?"

"आणि आई?"

"आई तुझ्याकडे आहेच की. तिचं काय जेवण जास्त आहे?"

"मला विचारायचंस तरी."

"तुझी सही लागत नाही त्यात," थोरला म्हणाला. "तुझं फक्त तोंड लागतंय. तुला नको असेल तर शेजारच्या टेबलावर दुसरा बसलाय."

ते खरंच होतं. दुसरा बसलाच होता, आणि हातात वर्तमानपत्र धरून त्याचे कान इकडेच होते. दुभाषेबुवा आत गेले आणि आपल्या खुर्चीवर बसले.

खरेदीदार मध्यमवयीन जोडपं होतं. नवरा घड्याळ बघत होता. बाई हसतमुख, मान डोलावत ऐकणारी. दुभाषेबुवांनी एकेक कलम वाचायला घेतलं. चतुःसीमा, पाण्याचं कनेक्शन, मागचं न्हाणीघर. नववं कलम आलं : 'सदर मिळकतीत कोणीही राहत नाही व राहण्याचा कोणाचाही हक्क नाही.' तेही त्यांनी वाचलं. आवाज नेहमीचाच निघाला, त्याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

तेवढ्यात बाईने हात वर केला. "आम्ही घर बघायला गेलो तेव्हा पुढच्या खोलीत शिलाई मशीन होतं. सुईखाली अर्धा फ्रॉक होता. तिथे कोण बसतं?"

त्यांनी तो प्रश्न थोरल्याला आपल्या भाषेत विचारला. थोरल्याने त्यांच्याकडे न बघता उत्तर दिलं, "भाडेकरू होती, गेली."

बाई त्यांच्या तोंडाकडे बघत थांबली. त्या टेबलाशी तिची भाषा येणारे एकटे तेच होते. 'ती माझी आई आहे, तिला यातलं काही माहीत नाही.' एका दमात म्हणता आलं असतं, आणि ती बाई उठून गेली असती असं त्यांना आजही वाटतं.

"भाडेकरू होती," ते तिच्या भाषेत म्हणाले. "गेली."

"बरं झालं," बाई म्हणाली, आणि तिने सही केली.

घरी आई रोज विचारायची, "रंग वाळला का रे?" ते म्हणायचे, "दुसरा हात बाकी आहे." आठ दिवस असे गेले. बायकोला त्यांनी सांगितलं होतं. तिने कपाळावर हात मारला, पण सासूपुढे तिचीही जीभ रेटेना.

नवव्या दिवशी शाळेचे गणवेश द्यायचे राहिले म्हणून आई एकटीच बसने गेली. कुलूप नवीन होतं. मशीन मागच्या गल्लीत कचऱ्याशेजारी पडलं होतं, पट्टा तुटलेला. शेजारणीने फोन केला तेव्हा ती पायरीवर बसून फ्रॉकांचे तुकडे जुळवत होती.

ते धावत गेले. आईने सगळं शेजारणीकडून ऐकलं होतं.

"तू होतास तिथे?"

"होतो."

"मग काय बोललास?"

"ते जे बोलले तेच, आई. माझं कामच ते."

तिने मान हलवली. रागावली नाही, रडली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं ते पुढे बायकोला म्हणाले. "चल," एवढंच म्हणून ती पिशवी घेऊन उठली.

त्यानंतर तीन वर्षं ती त्यांच्याकडे होती. थोरला एकदा फळं घेऊन आला, दारातूनच परत गेला. परदेशी जोडपं दोनदा येऊन राहिलं म्हणतात. एरवी घर बंदच. दुभाषेबुवांनी एक जुनं मशीन विकत आणून दिलं, त्याला तिने हात लावला नाही. सकाळी उठली की ती आपलं अंथरूण घडी करून, उशी वर ठेवून, पिशवीशेजारी कोपऱ्यात नीट लावून ठेवी. चहाचं आधण ठेवायचं असलं तरी आधी सुनेला विचारी, "ठेवू का गं? चालेल ना?"

"अहो आई, घर तुमचंच आहे," सून म्हणायची.

आई मान डोलवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची.