जीपचं पायदान

बाबांनी माझ्या जीपमध्ये बसणं का सोडलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरात विचाराल तर एकच उत्तर मिळेल — गुडघे. बायको तेच सांगते, बहीणही तेच. त्यांना ते उत्तर मीच पुरवलंय. आणि गुडघे दुखत होते हे काही खोटं नाही, म्हणून तर इतकी वर्षं ते खपून गेलं. आता तुम्हाला खरं सांगायला बसलोय, तर — कुठून सुरुवात करू? जीपपासून करतो. तिथे लाज जरा कमी वाटते.

नव्वद साल उलटून थोडे दिवस झाले होते. आम्ही भाईंदरजवळच्या मुर्धा गावचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे. आजोबांचं मिठागर होतं, खाजणात भातशेती होती. पुढे बाबा सरकारी कचेरीत लागले, मी एका कंपनीत चिकटलो, आणि शेताचं-मिठाचं सगळं काकाच्या गळ्यात पडलं. लिलावात निघालेली एक जुनी जीप मी घेतली आणि तिच्या पायी वेडा झालो. मीरा रोडला माझ्यासारखेच तीन-चार वेडे भेटले. शनिवारी आम्ही चिखल आणि चढ शोधत हिंडायचो. उत्तनच्या टेकडीवर गाडी चढवायची, रुतवायची, ढकलायची, आणि वर म्हणायचं, काय मजा आली!

रविवार मात्र बाबांचा. परीटघडीचा सदरा घालून ते पुढच्या सीटवर बसायचे, समोरची दांडी धरून. तारोडीला त्यांचा शाळेपासूनचा दोस्त होता, फ्रान्सिसकाका. तिथे जायचं, दोघांनी अंगणात बसून तेच ते जुने किस्से उगाळायचे, मी समुद्राकडे बघत बसायचं. वाटेत ओळखीचं माणूस दिसलं की बाबा गाडी थांबवायला लावायचे. मी कंटाळल्याचा आव आणायचो. खरं तर मला ते आवडायचं. हेही मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मग जमिनीचं झालं.

रस्त्याला लागून आमचा एक तुकडा होता. तिथे माझं घर व्हायचं होतं, शेजारी जीपला शेड. हे माझ्या मनातलं नव्हे — बाबांनीच मला तिथे नेऊन, चपलेने मातीत रेघ ओढून दाखवलं होतं, दार इथे काढ म्हणून. एक दिवस कामावरून येताना बघतो तर तुकड्याला तारेचं कुंपण आणि काकाच्या नावाची पाटी. बाबांनी तो काकाला लिहून दिला होता. आदल्या दिवशी नव्हे, काही महिन्यांपूर्वी! ते सगळे महिने माझ्याशेजारी बसून जेवत होते. घरी येऊन विचारलं तेव्हा म्हणाले, काकाने जन्मभर तिथे राबून हाताची साल काढली, तुला नोकरी आहे. बस, एवढंच.

मला काय वाटलं सांगू? दगा. सख्ख्या बापाने केलेला. त्यांचं बरोबर होतं की चूक, मला आजही ठरवता येत नाही. पण मला विचारायला नको? निदान कानावर घालायला नको? पाटी वाचून कळावं मला? मी भांडलो असतो तर बरं झालं असतं. आमच्या घरात भांडायची पद्धत नव्हती. मी "बरं" म्हटलं आणि ताटावर बसलो. आतून मात्र धुमसत होतो.

त्यानंतर आठवडाभरात मी हाटकेशला इक्बालभाईंच्या गॅरेजवर गेलो. जीप उंच करायचं माझं कधीचं चाललं होतं. जीपचा सगळा भार पाट्यांवर असतो, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पानांच्या स्प्रिंगांवर. ते पाटे बदलले की गाडी वर उचलली जाते, दगडगोट्यांवर खालून घासत नाही. इक्बालभाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे आहे त्याच पाट्यांत एकेक पान वाढवायचं, गाडी तीन-चार बोटं उचलते. दुसरी म्हणजे कुणीतरी बाहेरून मागवून न वापरता विकलेलं अख्खं किट, त्यात पाटे, लांब शॉकअप, बोल्ट सगळं. ते आणि त्यासोबत मोठे टायर घातले की गाडी जवळजवळ वीतभर वर. त्यांनीच सांगितलं, तुम्ही हिंडता तिथे पहिलं भरपूर झालं, दुसऱ्याने गाडी वळणावर डुलेल. मी दुसरं म्हटलं.

त्यांनी बाबांना कितीदा तरी पुढच्या सीटवर पाहिलं होतं. ते म्हणाले, "साब, फिर चाचा कैसे चढेंगे?" आणि लगेच कोपऱ्यातलं एक लोखंडी पायदान उचलून दाखवलं. दाराखाली बसवतो, म्हणाले, त्यांना पाय ठेवायला होईल.

इथे मला थांबावंसं वाटतंय. पण थांबलो तर पुन्हा सांगणार नाही.

मी म्हटलं, "रहने दो. वो अब नहीं बैठेंगे."

कळलं ना? मी त्यांना विसरलो नव्हतो. उंच गाडीच्या नादात म्हाताऱ्याचं लक्षात राहिलं नाही, असं झालं असतं तर मी हे लिहायलाच बसलो नसतो. बाबांचे गुडघे डोळ्यांसमोर ठेवूनच मी ते किट निवडलं. कुठल्या उंचीला त्यांचा पाय पोचणार नाही, याचा अंदाज घेऊन. नोकरदार, शिकलेला, बायको असलेला माणूस मी — आणि हा माझा सूड.

रविवारी बाबा तयार होऊन बाहेर आले. जीप बघून खूश झाले, हो, खूश! भोवती फिरले, टायरवर थाप मारली. मग दांडी धरून पाय वर टाकला. पोचला नाही. दोन्ही हातांनी धरून पाहिलं, गुडघ्यातून कळ आली ती मला त्यांच्या तोंडावर दिसली. मी स्टिअरिंगवर बसलो होतो, इंजीन चालू ठेवून. उतरून हात देता आला असता. नाही दिला.

"हिला पायरी बसत न्हाय का रं?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. दगडाला लागते. या गाडीला बसतच नाही."

त्यांनी मान हलवली. यंत्राचं काही असलं की माझा शब्द त्यांना शेवटचा. फ्रान्सिसला सांग, म्हणाले, मी पुढच्या रविवारी येतो. मी हो म्हटलं आणि टेकडीवर गेलो. तारोडीला गेलोच नाही. फ्रान्सिसकाका त्या दिवशी जेवायचे थांबले होते, हे नंतर कळलं.

पुढे बाबा रिक्षाने जायला लागले. जीप अंगणात उभी असायची आणि ते कोपऱ्यावर रिक्षाची वाट बघत. लोक विचारायचेच. तर बाबा काय सांगायचे माहीत आहे? पोराची गाडी डोंगर चढते, तिला पायरी लावली तर दगडाला लागते. माझं खोटं माझ्या बापाच्या तोंडून, तेही कौतुकाने! मी आत बसून ऐकायचो. थोडं बरंही वाटायचं सुरुवातीला — बघा, कसं वाटतं ते. मग बरं वाटेनासं झालं, पण तोवर इतके दिवस गेले होते की आता तोंड कसं उघडायचं?

तोंड इक्बालभाईंनी उघडलं. मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आले होते. ओटीवर चहा झाला. बिचाऱ्याच्या मनात काहीच नव्हतं. बाबांना म्हणाले, चाचा, हल्ली गाडीत दिसत नाही तुम्ही. ते पायदान अजून पडलंय माझ्याकडे, साहेबांनी तेव्हा नको म्हटलं होतं. सांगा, उद्या लावतो, अर्ध्या तासाचं काम.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग इक्बालभाईंना आणखी चहा विचारला, लग्नाची चौकशी केली, फाटकापर्यंत सोडून आले. परत येऊन समोर बसले आणि म्हणाले,

"मला सांगायचं व्हतं, ‘बाबा, येऊ नका’ म्हणून. मी न्हाय आलो असतो."

आवाज चढला नव्हता. मी तेव्हाही पाया पडलो नाही, काही नाही. उलट काय बोललो? "तुम्ही तरी जमिनीचं कुठे सांगितलं होतं मला?"

 बाबा म्हणाले, "न्हाय सांगितलं. चुकलं माझं."

इतकं सरळ. आता माझी पाळी होती, नाही का? तीन शब्द तर होते — माझंही चुकलं, बाबा. ते माझ्या तोंडासमोर वाट बघत बसले, आणि मी उठून आत गेलो.

दुसऱ्याच दिवशी पायदान बसवून आणलं. बाबांनी ते पाहिलं, छान झालंय म्हणाले. त्यावर पाय कधी ठेवला नाही. ते पुढे बरीच वर्षं होते, माझ्याशी नीट बोलायचे, कंपनीतलं विचारायचे, आजारपणात माझ्या हातून औषध घ्यायचे. मी ते तीन शब्द म्हटले नाहीत. संधी नव्हती असं नाही.

त्यांच्या शेवटच्या वर्षी पाण्याचा पंप बंद पडला. बाबांनी भाईंदरहून माणूस बोलावला. मी घरीच होतो, ओटीवर. म्हटलं, बाबा, मी बघू का?

"नको, तुझी सुट्टी हाय," ते म्हणाले, पाहुण्याशी बोलावं तसं. मग त्या परक्या माणसाकडे वळून त्यांनी विचारलं, पंप खरंच बदलायला लागेल का. त्याने हो म्हटलं, आणि बाबांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला.