भरतीच्या वेळेचा वर्ग

कुंदाताई गेल्याचं मला त्यांच्या घरून नाही, खाडीवरच्या कोळीवस्तीतल्या जयाबाईकडून कळलं. फोनवर आधी नुसती रडत होती. मग म्हणाली, "बाई, ताई गेल्या... आता पोरांचा काय?" खरं सांगायचं तर मला तिचा रागच आला. माणूस जाऊन दोन तास झाले नाहीत आणि हिला आमच्या मुलांच्या वर्गाची पडली आहे! पण खारघरहून ताईंच्या रोडपालीच्या घरी जाताना रिक्षात माझ्याही डोक्यात तेच घोळत होतं.

आम्ही दोघी निवृत्त. ताई नर्स होत्या, मी बँकेत. उरणच्या वाटेवरच्या एका कोळीवस्तीत, शाळा अर्धवट सुटलेल्या मुलांसाठी आम्ही वर्ग काढला. वेळ मी ठरवली, सकाळी अकरा. पहिले तीन दिवस मुलं आली, मग गळती लागली आणि आठवड्याने खोलीत आम्ही दोघीच. मी तडक वस्तीत जाऊन बायांना फैलावर घेतलं. "तुम्हालाच मुलांची काळजी नसेल तर आम्ही कशाला जीव काढायचा?"   दुसऱ्या दिवशी ताई साडी खोचून बायांबरोबर खाडीच्या चिखलात उतरल्या आणि गुडघ्यापर्यंत बरबटून, हसत परत आल्या. पाणी ओसरलं की बाया खुबे-शिंपले वेचायला, चिंबोऱ्या-खेकडे धरायला जातात. "पोरांना घरी कुनाजवल ठेवू?" जयाबाईने ताईंना विचारलं होतं. म्हणून मुलंही सोबत. भरती आली की सगळे घरी, आणि भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. इतकी वर्षं खाडीजवळ राहून मला हे ठाऊक नव्हतं, याची आजही लाज वाटते.

"उद्यापासून वर्ग भरतीला," ताईंनी जाहीर केलं.

"अहो, शाळा आहे का होडी?"

"तुमच्या बँकेसारखं काउंटर बंद करायचं आहे का आपल्याला? मुलं समोर बसल्याशी मतलब."

तेव्हापासून आमचा वर्ग कधी नऊला, कधी एकला, कधी चारला. माझ्या घरची जेवणाची घडी पार विसकटली. मी रोज कुरकुरायचे आणि रोज जायचे. ताई हट्टी होत्या, चहा अगदी पांचट करायच्या, पण एखादं मूल दोन दिवस दिसलं नाही तर त्यांना चैन पडत नसे. जयाबाईची सायली आज आठवीत आहे, ती त्यांच्या या हट्टामुळे... ताईंची आठवण आली की मला आधी तिचा चेहरा दिसतो.

दिवसकार्य झाल्यावर मी वस्तीत गेले, ती वर्ग बंद करतेय हे सांगायला. गुडघे दुखतात, एकटीला झेपणार नाही, असं सगळं घोकून नेलं होतं. मी तोंड उघडायच्या आत जयाबाई म्हणाली, "बाई, आमी बायांनी ठरवलाय. पोरांना गोला आमी करू, येल पन आमीच सांगू. ताईंना तरी पान्याचा कुनी शिकवला? आमीच ना? तुमी निस्त्या शिकवायला या. उंद्या अकराला."

घोकलेलं सगळं तसंच घरी परत आणलं. दुसऱ्या दिवशी पोचले, तर मुलं पाट्या घेऊन रांगेत बसलेली, आणि जयाबाई दारातूनच माझ्यावर ओरडली, "बाई, सव्वाअकरा झालं! पोरा कवाची बसलीन!"