‘नॉर्मल’ निघालेली मुलगी

“पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर,” परळच्या सरकारी हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे भयंकर काही अनुभवलेलं मन त्या प्रसंगातून बाहेरच येत नाही, तो पुन्हा पुन्हा जगत राहतं.

आईला अशा वेळी रडू फुटतं म्हणतात. मला संताप आला. कारण त्याआधी माझ्या केतकीला सगळ्यांनी ठणठणीत ठरवलं होतं.

लालबागला आमच्या चाळीची गॅलरी कोसळली तेव्हा केतकी आठ वर्षांची होती. शेजारी तिची आत्या, माझी नणंद, कपडे वाळत घालत होती. पायाखालचं हललं तसं तिने केतकीला दारात ढकललं आणि स्वतः खाली गेली. केतकीने ते पाहिलं. तिला खरचटलंसुद्धा नाही. बघायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, “देवाची कृपा, पोरीला काही झालं नाही.”

आम्हाला अँटॉप हिलच्या बाजूला तात्पुरती खोली मिळाली. तिथे केतकीचं पोट दुखू लागलं. रोज, शाळेची वेळ झाली की. मग अंथरूण ओलं व्हायला लागलं. बोलणं हो-नाही इतकंच.

फॅमिली डॉक्टरांनी मान वर न करता जंताचं औषध दिलं. सोनोग्राफी झाली, रक्त, लघवी झाली. सगळं नॉर्मल. “लाड कमी करा,” ते म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, “चेडवाक नजर लागली हा,” आणि नातीवरून मीठ-मोहरी ओवाळून मोकळ्या झाल्या. त्यांचा मला तितका राग नाही. त्यांनी निदान तिच्याकडे बघितलं तरी.

मग शाळेत एका संस्थेच्या मॅडम आल्या. मुलांच्या मनाची तपासणी, स्क्रीनिंग. आयांनाही सोबत बोलावलं होतं. हातात टॅब, त्यात परदेशातून आणलेले प्रश्न, मराठीत उतरवलेले. उतरवणारा आयुष्यात एखाद्या मुलाशी मराठीत बोलला असेल असं दिसत नव्हतं.

“तुला तुझ्या खोलीत एकटं झोपायला भीती वाटते का?”

आम्ही एका खोलीत पाच जण झोपतो. केतकी म्हणाली, “नाही.”

“क्लेशदायक घटनेच्या अनाहूत स्मृती तुला येतात का?”

“आई, अनाहूत म्हणजे?”

“बेटा, फक्त हो किंवा नाही सांग.”

“नाही.”

मी मध्ये बोलले, की हिच्यासमोर हिची आत्या गेली. मॅडम गोड हसल्या. “आई, प्लीज, उत्तरं मुलानेच द्यायची असतात.” मग टॅबकडे बघून म्हणाल्या, “स्कोअर नॉर्मल आहे. शी इज व्हेरी रेझिलिएंट. म्हणजे चिवट.”

चिवट रबरी चप्पल असते. माझी मुलगी रात्री अंथरूण ओलं करत होती आणि ही बाई तिला शाबासकी देऊन चहा प्यायला गेली.

पुढे केतकी शाळेच्या जिन्यातच बसून राहिली, हलेना. वर्गशिक्षिकेने “नाटकं” म्हणून फोन केला. मी तिला तशीच उचलून परळला नेलं.

तिथे एक डॉक्टर आणि व्हरांडाभर मुलं. नंबर लागेपर्यंत दुपार झाली. डॉक्टरबाईंचा डबा टेबलावर तसाच होता. त्यांनी केतकीला प्रश्न विचारलेच नाहीत. म्हणाल्या, “घरातून शाळेत कशी जातेस, मला चालून दाखव.”

केतकी भिंतीला खेटून चालली. प्रत्येक फरशीवर आधी पायाचं बोट दाबून बघत होती.

“असं का बघतेस गं?”

“पडेल म्हणून.”

“काय पडेल?”

“खालचं.”

इतकंच. बाई मग माझ्याकडे वळल्या. “आत्याबद्दल हिला काय सांगितलंय?”

“गावाला गेली म्हणून. घरातल्या मोठ्यांनी ठरवलं.”

“तिने डोळ्यांनी पाहिलंय ते. तुम्ही कोणाला फसवताय?”

मला झोंबलं, पण खरं होतं. त्या दिवशी संध्याकाळी केतकीच्या बाबांनी तिला जवळ घेऊन सांगितलं. ऐकून झाल्यावर ती उठून दप्तर भरायला लागली. पुढे ट्रॉमा-फोकस्ड थेरपी सुरू झाली. म्हणजे घडलेलं टाळायचं नाही, थोडं थोडं करत, सोबतीने, सांगायला शिकायचं. पोटदुखी हळूहळू कमी झाली. जिना अजून ती कठड्यापासून लांब राहूनच चढते.

तुमच्या मुलाला कोणी कागदावर नॉर्मल ठरवलं, तर तो कागद बाजूला ठेवा आणि मूल कसं चालतं, काय टाळतं ते बघा. त्या डॉक्टरबाईंचे उपकार मी विसरणार नाही. बाकीच्यांना माफ करण्याची मला घाई नाही.

एका रविवारी जेवताना केतकीने ताट सरकवलं आणि गळा काढला. “आत्याने मला ढकललं, मग ती का नाही आली आत?” आजूबाजूच्या सगळ्या खोल्यांत ऐकू जाईल असं रडत होती. दारात शेजारणी जमल्या. एकीने विचारलं, “काय झालं हो?”

“तिची आत्या गेली,” मी म्हटलं.

“अगंबाई! ती तर गेल्या वर्षीच ना?”

“तुमच्यासाठी,” मी म्हटलं, दार लावून घेतलं आणि केतकीला मनसोक्त रडू दिलं.