लग्नाचा बार आणि माझी ठाण्यातली दुपार

मंडळी, आत्ताच पोलीस ठाण्यातून आलोय. डोकं अजून तापलेलंच हाय.

चौकात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, समोर बाळ्याचं नेट कॅफे. दोघांनी छतावरून वायर टाकून कॉम्प्युटर थेट जोडलेत. गाणी, फोटो, गप्पा, मधे तिसरा कुणी न्हाई.

परवा मी त्याला लिहिलं, "मांजरसुंब्याला बार उडवायचा. कुणाला बोलू नको."

बहिणीच्या लग्नाचा बार! गेवराईचं स्थळ, बैठक व्हायची होती, म्हणून गुपचूप.

आज परराज्यातले नवे साहेब तेच छापून पुढं धरून विचारतात, "धमाका कब करनेवाले थे?" हवालदाराला हसू आवरेना, त्यानंच साहेबांना बारचा अर्थ सांगितला, म्हणून सुटलो.

बाळ्याला गाठलं. "कावून दिलंस बे?"

"नवा कायदा हाय. पोलिसांनी मागितलं की लिहिलेलं सगळं द्यावं लागतं."

"अन् बार म्हंजे लग्न, हे सांगायला कायद्यानं तोंड धरलं होतं?"

 वरातीत सगळ्यात पुढं हाच नाचणार होता.

मधे तिसरा नको म्हणून वायर टाकली. तिसऱ्याची गरजच पडली न्हाई.

वायर कापली मी. पण तुमीच सांगा, पत्रिका द्यायची का त्याला?