नानांनी निवडलेलं रिव्हॉल्व्हर

"नाना गेले," असा नानींचा फोन आला तेव्हा मी एकलहऱ्याच्या शाळेत वर्गावर होते. मनात जो पहिला विचार आला तो सांगायला लाज वाटते, पण सांगते. आता मला अडवणारं कुणी उरलं नाही... रडू त्यानंतर आलं.

नाना माझ्या वडिलांचे दोस्त. देवळाली कॅम्पात लष्कराच्या बंदुका दुरुस्त करण्यात त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्तीनंतर ते नाशकातल्या एका शस्त्रांच्या दुकानात काउंटरवर बसत. गिऱ्हाइकाशी बोलताना त्यांची नजर चेहऱ्यावर नसे, हातांवर असे. "तोंड काय, पढवलं तसं बोलतं," म्हणायचे.

माझा धाकटा भाऊ नीलेश गावी, देवळ्याला शेती बघायचा. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आमच्याच चुलतभावाने त्याला भरदिवसा पहारीने मारलं. साक्षीदार फिरले, चुलतभाऊ सुटला. मी वरच्या कोर्टात गेले म्हणून मला धमक्या येऊ लागल्या आणि त्या दाखवून मला रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळाला. अर्जात 'स्वसंरक्षण' लिहिलं होतं. पोटात दुसरंच होतं.

दुकानात नानांनी दोन रिकामी रिव्हॉल्व्हरं पुढ्यात ठेवली. "हे सिंगल ॲक्शन. दर गोळीला आधी अंगठ्यानं हा मागचा घोडा ओढायचा, मग चाप दाबायचा. हे डबल. यात एकटा चापच घोडा उचलतो अन् सोडतो. म्हणून चाप लय जड. पण घाबरलेल्या माणसाला अंगठा सुचत नाय, त्याला हेच बरं." डबलचा चाप त्यांनी माझ्याकडून वीसेक वेळा ओढून घेतला, बोट दुखेपर्यंत. सिंगलला मात्र हात लावू दिला नाही. "ते नेमबाजीचं. तुला काय करायचंय?" पण डबललाही घोडा होता आणि माझा अंगठा पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच जात होता. नानांची नजर त्या अंगठ्यावर होती. दोन्ही उचलून त्यांनी तिसरंच काढलं, घोडा आत झाकलेलं. "पर्समधून काढताना अडकत नाय." मला पटलं. घेतलं.

पुढच्या वर्षी देवळ्याला एका लग्नात चुलतभाऊ दिसला. डोक्याला फेटा, पंगतीत बसून मजेत जिलेबी खात होता. माझा भाऊ राखेत आणि हा जिलेबी मागून घेतोय. मी त्याच्या पाठीमागे उभी राहिले, पर्समध्ये हात घातला. अंगठा घोडा शोधत राहिला... सगळं गुळगुळीत. मग तो जड चाप ओढू लागले. अर्ध्यावर आला तोच तो उठला आणि हात धुवायला गर्दीत शिरला.

तिथून मी थेट कॅम्पात नानांच्या घरी गेले. "फसवलंत मला."

"फसवलं. वर तुझ्या बापाला तोंड दाखवायचंय मला."

पुढे सहा महिने मी त्यांच्या दारात पाय ठेवला नाही. आजारपणातही एकदाच भेटले, तेही तोंड वाकडं करूनच.

तेरावं झालं आणि पुढच्याच आठवड्यात मी त्या दुकानात गेले. बदलून हवं, सिंगल दाखवा म्हटलं. नानांचं स्टूल तसंच होतं. त्यांच्या कोपरांनी काउंटरचं पॉलिश तिथं उडालं होतं. मालकांनी रिकामं रिव्हॉल्व्हर तिथंच ठेवलं. मी अंगठ्याने घोडा मागे ओढला, मनातल्या मनात चुलतभावाचा फेटा समोर आणला आणि चापावर बोट टेकवलं. नुसतं टेकवलं. खट्.

मी अजून दाबायचं ठरवलंही नव्हतं.

"बांधून देऊ?" मालकांनी विचारलं. मी नको म्हटलं. चुलतभावाला मी माफ केलेलं नाही आणि मरेपर्यंत करणार नाही. दर तारखेला मी कोर्टात त्याच्यासमोर जाऊन बसते, तो माझ्या पर्सकडे बघत घाम पुसतो. पर्समध्ये नुसते कागद असतात, हे त्याला कोण सांगणार? तो जन्मठेपेला जाईपर्यंत मला बसायचंय. एवढ्याने माझं भागत नाही. पण त्या दुपारी मालक चहा सांगायला गेले तेव्हा मी नानांच्या स्टुलावर बसले, उडालेल्या पॉलिशवर कोपरं टेकली, आणि ज्या माणसावर इतके दिवस दात धरला होता त्याच्यासाठी पोटभर रडले.