बांधाच्या पायथ्याची माती

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. सिन्नरच्या बाजूला एका खेड्यातल्या शाळेवर माझी बदली झाली होती. गावाला एक जुनं तळं होतं आणि खालच्या सगळ्या विहिरींना त्याचाच पाझर. त्या तळ्याकडे नेमानं लक्ष देणारा माणूस मात्र एकच, साठीकडे झुकलेले एक मुसलमान विणकर. सारं गाव त्यांना चाचा म्हणे. त्यांचा जन्म तिथलाच. शेत नाही, जनावर नाही, फक्त घरात एक माग.

दर शुक्रवारी माग बंद असे. उन्हाळ्यात तळं आटलं की चाचा नमाजानंतर फावडं-पाटी घेऊन निघत आणि दिवस मावळेपर्यंत गाळ उपसत. मी एकदा विचारलं, "चाचा, एकट्यानं काय होणार?"

"कमी तर होतंय ना, मास्तर," ते म्हणाले आणि पाटी डोक्यावर घेतली.

पुढच्या शुक्रवारी मीही गेलो. मास्तर गाळ वाहतोय म्हटल्यावर आणखी चार-पाच जण आले. तो गाळ शेतात टाकला की पीक जोमदार येतं हे चाचांनी सगळ्यांना पटवलं होतं. दोन उन्हाळ्यांत तळं चांगलं हातभर खोल झालं.

त्याच सुमारास पाटलांनी नवं घर बांधायला काढलं. भिंतींसाठी माती हवी होती. गाडीवाट बांधाच्या बाहेरच्या अंगाला लागून जाई, म्हणून त्यांचे गडी बांधाच्या पायथ्याचीच माती खणू लागले. चाचा गाडीपुढे जाऊन उभे राहिले.

"पाटील, आतला गाळ हवा तेवढा न्या. पायथा नका उकरू. बांध त्याच्यावर उभा हाय."

पाटील म्हणाले, "तळं गावाचं आहे, चाचा. तुमच्या एकट्याचं नाही."

"म्हणूनच सांगतोय."

पाटलांनी ऐकलं नाही. गाड्या भरल्या. चाचा भांडले नाहीत. रोज येऊन ते एकटेच त्या खड्ड्यात माती टाकून चोपत राहिले. मला पाटलांचा राग आला होता. चाचांच्या तोंडून त्यांच्याबद्दल वावगा शब्द मी ऐकला नाही.

भादव्यात तीन दिवस झड लागली. तळं काठोकाठ भरलं. चौथ्या दिवशी सकाळी, जिथं खणलं होतं तिथूनच गढूळ पाणी पाझरू लागलं. सारं गाव धावलं. गोणपाटांत माती भरून थर लावला, पण गोणपाट संपले आणि पाणी थांबेना. मोकळी माती टाकावी तर वाहून जाई.

चाचा घराकडे गेले आणि बाजारासाठी विणून ठेवलेली लुगडी घेऊन आले. त्यांच्या बायकोनं बांधाखालीच बसून कात्री चालवली. तुकडे करून ती एकेक पुढे देत होती. आम्ही त्यांत माती भरून गाठोडी बांधली. पाटील स्वतः गुडघाभर चिखलात उतरून ती रचत होते. दुपार कलता कलता पाझर बारीक झाला, मग थांबला.

पाटील वर आले. हातपाय चिखलानं माखलेले. चाचांसमोर येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "चाचा, चुकलं माझं."

"आधी खड्डा नीट भरू, पाटील. पाऊस अजून हाय."

पुढच्याच आठवड्यात गाव चावडीवर जमलं. बांधापासून वीस पावलांवर दगड रोवायचे आणि त्यांच्या आत कुणीही कुदळ चालवायची नाही, असं ठरलं. दगड पाटलांच्या गाड्यांनी आणले. ते कुठं रोवायचे ते चाचांनी दाखवलं. त्यांच्या बायकोला पाटलीणबाई घरी घेऊन गेल्या आणि सूत, डाळ, गूळ असं ओटीत घातलं. चाचांनी त्यातलं सूत तेवढं ठेवून घेतलं आणि बाकीचं शाळेतल्या मुलांना वाटायला लावलं.

त्या गावात मी पुढं सहा वर्षं होतो. शाळेत शिकवायला गेलो खरा, पण गाव आपलं मानायचं म्हणजे काय करायचं, हे मी चाचांकडून शिकलो.