वाघदेवाची झाडी

आमच्या गावाहून आसगावकडे जाताना धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे बांध घातलेल्या शेतांच्या, मधोमध एक झाडी लागते. येन, बिजा, मोहाची झाडं आणि वेलींचा असा गुंता की भर दुपारीही आत अंधारून आल्यासारखं वाटावं. कधीकाळी सगळा मुलूख असाच होता. जुन्या लोकांनी तो तोडून बांध्या काढल्या, तलाव बांधले. एवढा तुकडा वाघदेवाच्या नावावर वाचला.

वाघदेवाची पूजा करणाऱ्याला आमच्याकडे भुमक म्हणतात. आमचा म्हातारा भुमक दरवर्षी पेरणीआधी तिथे जमलेल्यांना एक गोष्ट सांगायचा. जंगल तुटत आलं तेव्हा वाघ पहिल्या पाटलाच्या दारात येऊन बसला आणि म्हणाला, "माही सावली पडन, तेवढी जागा ठेव." पाटील हो म्हणाला. पण दिवस मावळतीला आला होता आणि सावली लांबच लांब पडली. तेवढी ही झाडी. तिथली वाळकी काडीही कोणी घरी नेत नसे.

आमच्या बौद्ध वस्तीत ही गोष्ट चालत नव्हती. बाबांनी मला दुसरीच सांगितली होती. पटकीची साथ आली तेव्हा गावाने आमच्या लोकांना विहिरीजवळ फिरकू दिलं नाही. ते या झाडीत, आतल्या झऱ्यावर राहिले. बाबांची आजी तिथेच एका मोहाखाली जन्मली. बाबा गावचे पोस्टमन होते. टपाल वाटून परतताना सायकल हाती धरून ते झाडीच्या कडेकडेने चालत यायचे.

गेल्या उन्हाळ्यात मी भंडाऱ्याहून सुट्टीला गावी गेले होते. ग्रामसभेत विषय निघाला की वाघदेवापुढे सिमेंटचा सभामंडप बांधायचा आणि त्यासाठी झाडीची पुढची बाजू साफ करायची. माना डोलल्या. बाबा उठून म्हणाले, "ज्या देवानं झाडं राखली, त्याच्याच नावानं झाडं तोडता का जी?"

मागून एक तरुण ओरडला, "तुमचा त देवच नाही! तुमाले कायचं दुख?"

काही जण हसले. बाबा उभेच राहिले. मी हात धरून त्यांना खाली बसवलं. भुमक पुढच्या रांगेत मान घालून बसला होता. तो बोलला असता तर लोकांनी ऐकलं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि त्याचा रागही आला.

झाडं पाडायचं मशीन आलं त्या सकाळी बाबा चहा न घेताच निघाले. मी मागोमाग गेले. कामाचा नारळ फोडून भुमक देवाच्या ओट्यावर बसून होता. बाबा त्याच्या शेजारी जाऊन बसले. आयुष्यभर एका गावात राहिलेली ही दोन माणसं शेजारी बसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"बाबा, घरी चला," मी म्हटलं. "उद्या याच लोकांत राहायचं आहे."

"राहूनच राहिलो ना," ते म्हणाले, पण उठले नाहीत.

मशीन ओट्यापर्यंत आलं आणि थांबलं. म्हाताऱ्यांना उचलायला कोणी पुढे होईना. दुपारपर्यंत वाद चालला. शेवटी मंडप लहान करायचं ठरलं, पण तोवर रस्त्याकडची झाडं आडवी झाली होती. मोठा मोह त्यांतच गेला. बाबांच्या आजीचा मोह तोच होता का, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मंडप झाल्यावर एका दुपारी भुमक आमच्या घरी आला. याआधी त्याने आमच्या वस्तीत पाऊल ठेवलं नव्हतं. चहाची कपबशी हातात घेऊन तो भिंतीशी टेकून बसला. मग म्हणाला, "पोष्टमनभाऊ, त्या दिवशी तुमी काहून बसले होते जी माह्याजवळ?"

बाबांनी त्याला साथीची, झऱ्याची आणि मोहाखालच्या बाळंतपणाची गोष्ट सांगितली. भुमक ऐकत राहिला.

"मले हे कोनी सांगतलंच नाही," तो म्हणाला. "माह्या बापालेबी ठावं नसन."

"ठावं असन," बाबा शांतपणे म्हणाले. "विहीर त तुमच्याच लोकाइची होती ना."

भुमकाने मान खाली घातली. चहा संपवला, कपबशी स्वतः मोरीपाशी नेऊन ठेवली, आणि निघून गेला. यंदा पेरणीआधी त्याने कुठली गोष्ट सांगितली, हे बाबांना विचारायचं मला धाडस झालं नाही. मोह पडल्यापासून बाबा झाडीच्या बाजूला जातच नाहीत.